दोन मिनिटं चौदा सेकंद

नवी पेठ, पहाटेचे पाच.
अभ्यासिकेच्या जिन्यावर बावीस जण, पाठीला सॅक,
खाली झेरॉक्सवाल्याचं शटर अजून पडलेलं
आणि वर दाराशी तो बोर्ड, पत्त्यांच्या कॅटाएवढा,
ज्याला जाग येत नाही.

मालक रात्री साडेअकराला मेन स्विच बंद करतात,
बिल वाचतं म्हणून.
पहाटे तुळशीराम वॉचमन खटका दाबतो.
पूर्वी त्याची तंबाखू मळून व्हायच्या आत
दार कार्ड ओळखायचं.
रविवारच्या अपडेटपासून दोन मिनिटं चौदा सेकंद.
गहिनीनाथने मोबाइलवर मोजले, तीन दिवस, तीनदा.
पाटोद्याचा आहे तो. मोजायची सवय झालीय त्याला,
वय, ॲटेम्प्ट, कटऑफ, मेसचे उरलेले डबे.

माझा पहिला संशय मेमरी कार्डावर.
तपकीर गल्लीतून नवं आणलं,
सहाशे चाळीस रुपये, मालकांकडून अजून यायचेत.
रात्र जागून सगळं त्यावर उतरवलं.
दोन मिनिटं तेरा.

मग ॲडॉप्टर बदलला.
मग कर्नलला शिव्या घातल्या, ज्याने काहीच केलं नव्हतं.

शेवटी मॉनिटर जोडला, फरशीवर मांडी घातली
आणि मशीनलाच विचारलं, कोणी किती वेळ खाल्ला?
त्या आज्ञेचं नावच 'ब्लेम'.
यादी आली. सगळ्यात वर एक सेवा,
पूर्ण दोन मिनिटं तिच्या नावावर.
पण यादीत वर असलेला चोर असतोच असं नाही,
तो नुसता कुणासाठी तरी थांबलेला असतो.
ही थांबली होती वायरच्या नेटसाठी.
आणि ती वायर दिवाळीतच उंदरांनी कुरतडली,
तेव्हापासून वायफाय आहे, सॉकेट रिकामा.

मग इतके दिवस कसं चाललं?
जुन्या फाईलमध्ये मीच लिहून ठेवलं होतं,
कुठलंही एक आलं तरी चालेल.
अपडेटने विचारलं असणार, जुनी ठेवू की नवी?
रविवारची दुपार, जेवण अंगावर आलेलं,
मी 'नवी' दाबलं असणार.
नवीचं म्हणणं, सगळे आल्याशिवाय हलायचं नाही.

थांबायचंच कशाला, असं तुळशीराम विचारतो.
त्याला सांगितलं, या बोर्डाला स्वतःचं घड्याळ नाही.
उठतो तेव्हा त्याला वाटतं
रात्रीचे साडेअकराच वाजलेत, आत्ताच तर डोळा लागला.
खरी वेळ नेटवरूनच कळते.
मागे एकदा न थांबता दार उघडलं
तर हजेरीत अख्खी बॅच आदल्या रात्रीच आली होती.
तुळशीराम म्हणाला, बरोबरच आहे की,
ही पोरं घरी जातात कुठं?

कुठलंही एक.
हे शब्द परत टाइप करताना बोटं जरा अडखळली.
पीएसआय, एसटीआय, निदान तलाठी,
कुठलंही एक, असं आम्ही पण म्हणायचो
याच जिन्यावर, चहाचा कागदी कप दोन बोटांत धरून.
मशीनचं बरं आहे. एकशेवीस सेकंद झाले
की ते म्हणतं, नाही आलं, पुढे चला.
माझे नऊ वर्षांनी झाले.
गहिनीनाथला मी किती झालीत ते विचारत नाही.

सेव्ह केलं. खटका बंद, खटका चालू.
एकोणीस सेकंद.
हिरवा दिवा, टक्, आणि बावीस जोडी चपला
एकदम रॅकवर.
गहिनीनाथ आत जाता जाता म्हणाला, दादा, भारी,
आता दोन मिनिटं जास्त अभ्यास.
हसला की नाही, अंधारात दिसलं नाही.

रिकाम्या सॉकेटवर निळी चिकटपट्टी लावली, धूळ जाऊ नये म्हणून.
वायर गुंडाळताना पडद्यावर सभासदांची यादी उघडीच होती.
क्रमांक एक्केचाळीस, माझं कार्ड, अजून चालू.
दर वेळी काढायचं म्हणतो.
लॅपटॉप मिटला.
खाली शटर वर गेल्याचा आवाज आला.